अंगठ्याच्या बाजूने

हर्षालीचे हात गळ्यापर्यंत पोचण्याआधीच वृषालीची हनुवटी बोटभर खाली आली. बोटभरच. त्याबरोबर दोन्ही खांदे किंचित वर सरकले, डावा जरा जास्त. विहाराच्या सभागृहात जमलेल्या बायकांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. स्वप्नाच्या आलं, कारण ती वृषालीची मोठी बहीण होती. शिवाय मंचरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून तिला एक खोड लागली होती: सगळे एकसारखं वागत असताना एखादाच वेगळं वागला, तर नजर त्याच्यावर ठेवायची.

बाकीच्या सगळ्या ताठ झाल्या होत्या. त्याचं कारण बिबट्या.

बोरी बुद्रुकच्या उसात बिबट्या आहे ही आता कुणाला बातमी वाटत नाही. शेतात जाणाऱ्या बायकांनी काही गोष्टी अंगवळणी पाडून घेतल्या आहेत. बाकीच्या वाकून खुरपत असतील तर एकीनं उभं राहायचं. मोबाईलवर गाणी लावून ठेवायची. जनावर समोर आलंच तर ताठ व्हायचं, हात वर करायचे आणि ओरडायचं. बिबट्या मानच धरतो, म्हणून काही जणी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालूनच रानात जातात. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी भोंग्यावरून पुकारा झाला की, कुणी गळा धरला तर तो कसा सोडवायचा हे शिकवायला नारायणगावहून मॅडम येणार आहेत, तेव्हा साऱ्या गावानं हे बिबट्यासाठीच आहे असं धरून टाकलं. एरवी सुनांना कुठं पाठवायचं म्हटलं की कुरकुरणाऱ्या सासवांनी आज त्यांना आपणहून पिटाळलं. शेजारच्या साळुबाई तर पट्टा घालूनच आल्या.

नारायणगावहून आलेली हर्षाली मुलींना कराटे शिकवायची. बिबट्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, आपण माणसाच्या हाताबद्दल सांगणार आहोत, असं तिनं सुरुवातीलाच स्पष्ट केलं.

"माणसाचं व्हय?" साळुबाई म्हणाल्या. त्यांनी पट्ट्याच्या बकलाला हात घातला आणि तसाच काढून घेतला. "राहू द्या. असू दे गळ्यात."

बायका हसल्या, पण उठून कुणीच गेलं नाही.

वृषालीलाही आईनं, केशरबाईनं, बिबट्याच्याच नावाखाली पाठवलं होतं. ती दिवाळीपासून माहेरी होती. नवरा रत्नदीप याचं पेठला हायवेलगत गॅरेज. का आलीस याचं उत्तर तिनं कधी दिलं नाही. परत कधी जाणार असं विचारलं की म्हणायची, बघू. वडील तुळशीदास या बघूचा अर्थ हो असा घ्यायचे आणि आईला तो रुसवा वाटायचा. उद्या रविवारी पेठहून सासरे आणि चार वडीलधारी माणसं तिला न्यायला येणार होती. माणसं दारात येऊन बसली की बघू म्हणून भागणार नव्हतं. मग एक तर तिनं पिशवी उचलायची, नाही तर तोंड उघडायचं. म्हणून तर स्वप्ना मंचरहून आली होती, आणि सकाळपासून तिलाही बहिणीच्या मनाचा काही थांग लागला नव्हता.

हर्षाली एकेकीला पुढे बोलावून तिच्या गळ्याला अलगद हात लावत होती. त्याबरोबर ती ती बाई ताठ व्हायची, मान वर, हात वर, तोंड उघडं. हर्षालीनं जरासा दाब दिला की उघड्या तोंडातून आवाज मात्र यायचा नाही. वृषाली सोडून चौघींचं हेच झालं तेव्हा तिनं हात खाली घेतले.

"बिबट्याला तुम्ही मोठ्या दिसायला हव्यात," ती म्हणाली. "माणसाला तुम्ही केवढ्या आहात ते आधीच माहीत असतं."

मग तिनं समजावून सांगितलं. मान वर केली की आपणच गळा समोरच्याच्या हातात देतो. हनुवटी छातीकडे ओढायची आणि खांदे कानांकडे न्यायचे, म्हणजे त्याला पकडायला जागा कमी राहते. बोटं उचकटत बसायचं नाही. चार बोटं एकीकडे असतात, त्यांची ताकद मोठी. अंगठा दुसरीकडे एकटा असतो, पकड तिथंच सुटते. एक पाय मागे टाकून त्या बाजूला वळायचं, पण हातांनी नाही, सगळ्या अंगानं. आणि सुटलं की थांबायचं नाही, माणसं असतील तिकडे पळायचं.

स्वप्नाला गंमत वाटली. माणसाचा अंगठा इतर बोटांच्या समोर येतो, म्हणून त्याला अवजारं धरता आली, हे ती दरवर्षी शिकवायची. त्याच अंगठ्यात पकडीची खोट असते याचा तिनं कधी विचार केला नव्हता. आधी श्वास कोंडतो की मानेतलं रक्त थांबतं, असं तिनं विचारलं. हर्षाली म्हणाली, पकड कशी आहे त्यावर आहे. श्वास कोंडलेला कळतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर कळायच्या आतच डोळ्यांपुढे अंधार येतो. म्हणून पहिली हालचाल विचार करून नाही, सवयीनं व्हायला हवी.

हे पटलं, तशी स्वप्नाला पुढची शंका आली. पाठीमागे भिंत असेल तर पाय मागे टाकायचा कुठं?

हर्षाली उत्तर द्यायला वळली. पण उत्तर मागच्या बाजूनं आलं.

"एक हात सरळ वर न्यायचा आणि त्याच्या हातांवरून बाजूला वळायचं," वृषाली म्हणाली. "पूर्ण वळायचं. अर्धंच वळलं तर तो कोपरानं दाबतो."

हर्षालीनं तिच्याकडे एकदाच पाहिलं. बरोबर आहे, असं म्हणून तिनं एका मुलीला भिंतीशी उभं करून तसं करून दाखवलं. मग कुणाकडेच न बघता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. गळा दाबल्याची खूण बाहेर दिसेलच असं नाही. आवाज बसला, गिळताना दुखलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आणि गळ्याला हात घालणं हे थपडेसारखं मोजायचं नाही. ज्यानं एकदा गळा धरला, त्याच्या हातून पुढं जीवही जाऊ शकतो.

दिवाळीत वृषाली आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. केशरबाईनं तिला ज्येष्ठमध चघळायला दिला होता. फटाक्यांच्या धुरानं झालं असेल, असं निदान खुद्द स्वप्नानं केलं होतं.

परतताना साळुबाई वाटभर येणाऱ्याजाणाऱ्या बाईसमोर मान आखडून खांदे वर करून दाखवत होत्या. मध्येच त्यांनी वृषालीला कोपरानं ढोसलं. "लई हुशार निघालीस गं. ते भिंतीचं कुठं शिकलीस?"

मोबाईलवर बघितलं, असं वृषालीनं सांगितलं. साळुबाईंना ते पटलं.

स्वप्नाला पटलं नाही. हात वर न्यायचं मोबाईलवर दिसलं असतं. अर्धं वळल्यावर काय होतं ते तिथं कोण दाखवतं?

घरी आल्यावर ती वृषालीला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला नीट जमलं नाही, एकदा माझ्यावर करून दाखव, म्हणाली. वृषालीनं आढेवेढे घेतले. मग तिनं हात उचलले आणि बहिणीच्या गळ्यावर नेमके ठेवले, चार बोटं मागे, अंगठे पुढे. सगळं समजून घेतलेली, शंका विचारलेली स्वप्ना टाचा उचलून ताठ झाली आणि तिची मान वर गेली.

वृषालीनं झटकन हात काढले. "ताई, तू पण बिबट्यावालीच निघालीस."

दोघी हसल्या. हसता हसता वृषाली भिंतीला टेकून खाली बसली. स्वप्नाही शेजारी बसली आणि तिनं विचारलं, कोपराचं तुला कुणी सांगितलं?

"कुणी नाही. दुसऱ्या वेळी कळलं." वृषाली अंगणाकडे बघत होती. "पहिल्या वेळी मी तुझ्यासारखीच उभी राहिले. ताठ, हात वर. आपल्याला तेवढंच येतं ना. मला वाटलं, मोठी दिसले तर सोडेल."

स्वप्नानं तिचा हात हातात घेतला.

"आणि सुटलीस कशी?"

"त्यानं तिसऱ्यांदा केलं तेव्हा. हनुवटी खाली घातली आणि पूर्ण वळले. तशीच रस्त्यावर आले, येईल ती गाडी धरली."

स्वप्नाच्या मनात राग होता, पण ओठांवर आला तो प्रश्नच. "पुन्हा केलं तर सुटशील?"

"तेच कळत नाहीये. इतके दिवस तोच विचार करतेय." वृषालीनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी एकेक वेळी शिकत गेले, ताई. तो पण शिकलाच असेल. मी कुठून वळते ते त्यानं बघितलंय."

पुढच्या खोलीतून तुळशीदासांचा आवाज आला. फोनवर बोलताना ते पलीकडचा माणूस बांधाच्या पल्याड उभा असल्यासारखे बोलायचे. "या की, जेवायलाच या. आमी मटणाचं सांगून ठेवलंय. न्हाई न्हाई, पोरीचं काय नाय, ती तयारच हाय."

वृषाली उठली. स्वप्ना तिच्या मागोमाग गेली, पण उंबऱ्याशी थांबली. आत केशरबाई लेकीला उद्या नेसायची साडी पलंगावर उलगडून बघत होती. वृषाली वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

तुळशीदासांनी फोनवर तळवा धरला. "तुझं सासरंच हायेत. उद्याचं ठरवतोय आमी. तूच म्हणत व्हतीस ना, बघू म्हणून?"

"हो. बघितलं."

त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा उंबऱ्यातल्या स्वप्नाकडे. मग फोन लेकीच्या हातात दिला.

"मामा, मी वृषाली बोलतेय," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "उद्या कुणी येऊ नका. मी आता नांदायला येणार नाही."