एकच मंडप, एकच आठ मे

भगवंतरावांचा डेटाबेस मी वाचवला; त्यात फक्त त्यांच्या पोरीचं लग्न राहिलं नाही. हे तुम्ही अजून वाचलेलं नाही असं समजा. आत्ता सकाळ आहे, लग्न शाबूत आहे आणि मंडप-गाद्या भाड्यानं देणाऱ्या त्यांच्या डोणगावच्या बिछायत केंद्रातला कम्प्युटर उघडत नाही.

आदल्या दिवशी लाइट गेली. यूपीएस होतं, पण त्याची बॅटरी वरातीच्या घोड्यावरच्या लाइटिंगसाठी सुलतानपूरला गेली होती. तिकडे घोडा झगमगला, इकडे कम्प्युटर विझला. कोणाच्या दारात कधी मंडप, किती गाद्या, स्वयंपाकाची कोणती पातेली-गंज, सगळं त्यातच. भगवंतरावांनी बटण दाबून पाहिलं, मागून थापा मारल्या, मग मला बोलावलं.

"संघपाल, भर लगनसराईत हे बंद पडलं तं गाद्या कोणाच्या घरी पाठवू मी?"

मी आधी त्यांचा हात बटणावरून काढला. सगळ्या फायलींची प्रत वेगळी ठेवली, म्हणजे माझ्या हातून बिघडलं तर परत फिरायला जागा राहील. डेटाबेस प्रत्येक नोंद आधी कच्ची लिहितो, मग पक्की करतो. लाइट गेल्यामुळे कच्च्याचं शेपूट तुटलं होतं. तुटकं काढून बाकीचं त्याला पुन्हा वाचायला लावलं. भगवंतराव उदबत्ती लावू का विचारत होते. मी म्हटलं लावा, धुरानं काही वाचायचं थांबत नाही.

मुलाच्या लग्नाचा मंडप ठरवायला आलेले कडूबा गुंडाळलेल्या सतरंजीवर बसून होते. त्यांना आठ मे हवी होती. तोंडी तारीख मिळणार नव्हती. मागे तीन भाच्यांनी एकाच मंडपावर तोंडी हक्क सांगितला, तेव्हापासून भगवंतरावांनी भिंतीवर रंगवून घेतलं होतं: कम्प्युटरात असेल तेच खरं. नातलगांनाही हाच नियम.

दुपारी प्रोग्रॅम उघडला. आठ मे रिकामी. भगवंतराव एवढे हरखले की कडूबांची नोंद त्यांनी स्वतः केली आणि वर चहा सांगितला.

चहा घेऊन त्यांच्या पत्नी विमलबाई आल्या. स्क्रीन वाचून शांतपणे म्हणाल्या, "आपल्या पुष्पांजलीचं कवा हाये हो?"

भगवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे पाहिलं.

पुष्पांजली स्वतःच्याच लग्नाची, याच आठ मेची, नोंद करत असताना लाइट गेली होती. मी समजावलं, "काका, अर्धी नोंद तो ठेवत नाही. पुरी झाली तं झाली, नाही तं झालीच नाही."

"पत्रिका वाटल्या ना बे!"

"पत्रिका कम्प्युटरात हायेत का?" कडूबांनी बशीतला चहा फुंकत विचारलं.

मोठा मंडप एकच. त्या मुहूर्ताला आसपासचे सगळे मंडप केव्हाच गेलेले. वरवट बकालचे व्याही तारीख हलवायला तयार नाहीत आणि कडूबा सतरंजीवरून हलायला. भगवंतराव बराच वेळ भिंत वाचत बसले. मग म्हणाले, कम्प्युटर चालू हायेच, तं अर्ज टाइप कर.

*प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: जादा दिवस मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती की, दिनांक ८ मे हा दिवस मौजे डोणगावपुरता, मुहूर्तासह, लागोपाठ दोनदा मंजूर करण्यात यावा व त्यापैकी पहिला अर्जदाराच्या मुलीचे नावे वर्ग करण्यात यावा.*