बिस्किटं कापायचा माउथपीस

आमच्या व्रान्ये गावातल्या वाजंत्र्यांच्या गल्लीत ट्रम्पेटचा माउथपीस, ओठांना लावायचा तो पितळी तुकडा, होता तसा ठेवणारा एक पुरुष दाखवा. नवा आणला की आधी त्याच्या गळ्यातल्या भोकात बरमा घालायचा. भोक मोठं तर आवाज मोठा, आवाज मोठा तर मर्द मोठा! माझा नवरा रुस्तम त्यांतलाच.

हिवाळ्यात त्याची छाती भरली. वाचला, पण दम गेला. आणि आता लेकीचं, आयशेचं लग्न उद्यावर आलेलं. नवरी उंबरा ओलांडते तेव्हा आमच्याकडे बाप एकच सूर धरतो, ती गाडीत बसेपर्यंत. सूर मध्येच तुटला तर ती मागे वळून पाहते, आणि मागे पाहणारीचं मन सासरी रमत नाही म्हणतात. रुस्तम सकाळपासून अंगणात वाजवून बघत होता. आयशा सरावापुरती उंबऱ्यावरून निघायची, पण ती फाटकापर्यंत पोचायच्या आत त्याचा श्वास संपायचा.

"मी दाराआडून वाजवतो, तू नुसते गाल फुगव," त्याचा भाऊ नेबी म्हणाला.

"माझी पोरगी तुझ्या फुंकरीवर सासरी जाणार?" रुस्तम ओरडला आणि खोकत बसला.

मी बिस्किटं कापत होते, सासऱ्यांच्या जुन्या माउथपीसने. त्याची गोल कड पिठात छान बसते. "गळा आवळतो मेला" म्हणून रुस्तमने तो कधीच टाकून दिला होता, म्हणून बरम्यातून वाचला. भोकात पीठ अडकलं तसं मी फुंकलं. पीठ उडालं, पण निम्मा वारा माझ्याच गालांत परत आला. मग रुस्तमच्या ट्रम्पेटचा काढून फुंकला. श्वास भसकन निघून गेला, बूड गेलेल्या बादलीतल्या पाण्यासारखा.

"अरे, तुझा श्वास सांडतोय! हा लाव."

"बिस्किटांचा?" नेबी खिदळला.

"भाऊजी, तुम्ही तोंडात एक बिस्किट घाला आणि गप्प बसा."

रुस्तमने सवयीने जोर लावला. सूर गुदमरला.

"हा मला मागे ढकलतोय गं, झुम्रा."

"मग तू ढकलू नकोस. गरम कॉफीवर फुंकतोस तसं फुंक."

त्याने फुंकलं. बारीकसा सूर निघाला आणि राहिला. राहिलाच. नेबी चावायचा थांबला. वाटाण्याहून लहान भोक ते, त्याने माझ्या नवऱ्याचा उरलासुरला दम धरून ठेवला होता, थेंबथेंब सोडत होतं.

दुसऱ्या दिवशी आयशेने उंबरा ओलांडला. गल्लीला सवय छपरं हलवणाऱ्या सुरांची, हा ऐकायला सगळ्यांना श्वास रोखावा लागला. फाटक मागे पडलं. ती गाडीत बसली, दार लागलं, गाडी वळणाआड गेली, तरी सूर होता. तिने मागे पाहिलं नाही.

मग रुस्तमने ट्रम्पेट खाली घेतलं. ओठ पुसले, हाताकडे पाहिलं.

"अजून पीठ आहे यात," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.