कुडाची भिंत

"पानी पी की गं," नागोजीनं तांब्या पुढं केला.

जयाबाईनं मान फिरवली. "नगं. तहान न्हाय."

ओठ तर सुकले होते. अंगावरून वारं गेल्यापासून तिची उजवी बाजू लुळी पडली होती आणि खाट घराच्या पुढच्या उघड्या सोप्यात होती. लघवीला भांडं घ्यायचं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं होतं. नागोजीला ते आज उमगलं.

मुलगा ओमकार मच्छे गावी कारखान्यात होता. आईच्या खाटेला आडोसा हवा म्हटल्यावर फोनवर म्हणाला, "दिवाळीला येतो आप्पा, विटांची भिंत घालू."

"तवर तिनं काय करायचं रं?"

नागोजी कोयता घेऊन परसातल्या बांबूच्या बेटाकडं गेला.

खानापूर भागात दोघांनी जन्मभर कुडाच्या भिंती घातल्या होत्या. खांब रोवायचे, बांबू चिरून कामट्या विणायच्या त्यानं, माती तिची. दुपारपर्यंत खाटेभोवती कामट्यांची जाळी उभी राहिली. मग त्यानं माती, शेण, पेंढा एकत्र तुडवून चिखल केला आणि थापायला घेतला. तो घसरून खाली आला. पुन्हा थापला, पुन्हा आला.

खाटेवरून हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

"अवो, लई पातळ झालाय. पेंढा घाला आनखी. आन् एकट्यानं धरत न्हाय त्यो, आतनं बी दाबाय लागतंय."

"आत कोन हाय दाबायला?"

"मी हाय की."

त्यानं खाट जाळीला लावली, तिच्या पाठीशी उशा दिल्या. तिनं डाव्या हातात गोळा घेतला. तो बाहेरून दाबी, ती आतून. फटीत माती मातीला भेटे आणि धरून राही. त्याच्या बोटांना पलीकडून तिचा जोर कळत होता.

"दमलीस?"

"तुमीच दमलाय. गोळा द्या हिकडं."

तिचा हात पोचेना तिथं त्यानं आत-बाहेर करत एकट्यानं लिंपलं. दाराच्या जागी तिचं जुनं लुगडं बांधलं. हात धुतल्यावर तिनं आपणहून पाणी मागितलं.

संध्याकाळी शेजारची अंबुबाई नेहमीसारखी सरळ सोप्यात आली आणि ओल्या भिंतीपाशी थबकली. लुगड्याला हात न लावता म्हणाली, "जयाक्का, येऊ का गं आत?"

"थांब जरा," आतून आवाज आला.

अंबुबाई थांबली. नागोजीनं तिला बसायला पाट दिला.