चार फुटी टाकीची जागा

लिफ्टसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींत वर-खाली केलं आणि निवृत्त होऊन स्वतःच्या घरी आले, तेव्हा घरात कोणी नव्हतं. म्हणजे बायको होती, पण मुलीकडे. नातू झाला तेव्हा ‘थोडे दिवस’ म्हणून गेली होती. नातू आता शाळेत जाऊन बाईंकडे चहाड्या करण्याइतका मोठा झाला, तरी ते थोडे दिवस काही संपेनात. भांडण म्हणाल तर झालंच नव्हतं. भांडायला दोघांनी एका खोलीत असावं लागतं, आणि ती सोय त्यांनी नोकरीच्या काळातही फारशी ठेवली नव्हती.

लिफ्टसाहेब हे नाव शेजाऱ्यांनी पाडलेलं. ते लिफ्ट-तपासनीस होते. ‘क्षमता : आठ व्यक्ती’ अशी जी पाटी आपण कधीच वाचत नाही, ती ते ठरवत. खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता, वरच्या आकड्यांकडे डोळे लावून उभ्या राहणाऱ्या माणसांत त्यांची हयात गेली. अशा माणसाला गप्पांची सवय लागत नाही. लागलीच तर तिसऱ्या मजल्यावर सुटते.

रविवारी बायकोचा फोन यायचा.

“जेवलात?”

“जेवलो. तू?”

“जेवले.”

यापुढे दोघांकडेही काही उरत नसे, मग नातवाला पुढे ढकललं जायचं. एकदा त्यानं विचारलं, “आजोबा, तुमच्या घरात काय आहे?” लिफ्टसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “पंखा आहे.” नातू म्हणाला, “आमच्याकडे पण आहे,” आणि निघून गेला. मग मुलीनं फोन घेतला.

“बाबा, तुम्ही काहीतरी पाळा बरं.”

“कुत्र्याला फिरवावं लागतं.”

“मग मासे पाळा. ते काही मागत नाहीत.”

हा मुद्दा त्यांना पटला. शिवाय मासे लहानशा भांड्यात राहतात, भांडं फ्रिजवर मावतं, आणि उद्या बायको परत आलीच तर उचलून कुणालाही देता येतं. ती येणार की नाही, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर येतं, ही त्यातली अडचण.

माशांचं दुकान एक जाड चष्म्याच्या बाई चालवत. भाऊ परदेशी गेला आणि जाताना मासे बहिणीच्या गळ्यात मारून गेला, हे त्या गिऱ्हाइकानं न विचारता सांगत.

“पहिल्यांदाच पाळताय?”

“हो. म्हणून लहान भांडं द्या.”

“पहिल्यांदाच म्हणून मोठी टाकी घ्या.”

“ही दुकानदारी झाली.”

“मग? दुकान आहे हे, धर्मशाळा नाही.” बाईंनी चष्मा पुसला. “अहो, लहान भांड्यात एकानं घाण केली की सगळ्यांच्या नाकातोंडात जाते. मोठ्या पाण्यात जिरते. आम्ही घरात अकरा माणसं होतो. कोण रुसलंय हे कळायलाच दोन दिवस लागायचे, तोवर रुसणारा विसरून जायचा. लहान भांडं सांभाळायला हात मुरलेला लागतो. नवख्याला निदान चार फुटी.”

चार फुटी म्हटल्यावर लिफ्टसाहेबांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. दोनशे लिटर पाणी, त्यावर काच, रेती, लोखंडी स्टँड. म्हणजे चार धष्टपुष्ट माणसं, आणि ती दिवसरात्र एकाच जागी उभी. त्यांच्या घरात असा भार पेलणारी एकच जागा होती, बैठकीचा खिडकीकडचा कोपरा. खालून तुळई गेली होती. इतरत्र टाकी ठेवली तर ती कधीतरी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या ताटात उतरेल, असं त्यांचं मत होतं. आणि त्या कोपऱ्यात बायकोचं पायाचं शिलाई मशीन होतं. झाकण घातलेलं, जाताना ठेवलं तसं.

“इतकी जागा नाही,” ते म्हणाले.

“घर लहान आहे का?”

“घर मोठं आहे. जागा नाही.”

बाईंनी खांदे उडवले आणि गोल भांडं पुढे केलं. मासे किती घ्यायचे हे मात्र त्यांनी बाईंना विचारलं नाही. हे त्यांचं क्षेत्र होतं. माशाचं वजन म्हणजे नगण्य. नियमानं त्या भांड्याची क्षमता शंभराच्या घरात जात होती. तरी सावधगिरी म्हणून सहाच केशरी मासे घेतले आणि आपण फार राखून चाललो आहोत, अशा समाधानात घरी आले.

पहिले काही दिवस मोठे मजेचे गेले. नातू आता रोज फोन करी. “आजोबा, आज काय केलं त्यांनी?” आणि लिफ्टसाहेब, ज्यांनी बायकोला कधी ऑफिसातलं एक वाक्य सांगितलं नव्हतं, ते सांगत सुटत. अमका तमक्याला ढोसतो, एक लंगडा पोहतो, एक नुसताच तोंड उघडमीट करतो, अगदी आमच्या मोठ्या साहेबांसारखा. मागून बायकोचं हसणं ऐकू येई. ते हसणं त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे आधी त्यांना वाटलं, कोणी पाहुणी आली असेल.

मग पाणी गढुळलं. एक मासा आडवा झाला, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि आठवडा संपायच्या आत भांड्यात हलणारं काही राहिलं नाही. लिफ्टसाहेबांना आपली चूक तेव्हा कळली. लिफ्टमध्ये माणसं आठ चढली तरी आपापल्या मजल्यावर उतरतात. या सहा जणांना उतरायला मजलाच नव्हता.

त्यांनी ते कुंडीत पुरले. नातवाला सांगितलं, “झोपलेत.”

“सगळे?”

“सगळे.”

“उठवा ना मग.”

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. “मी सांगितलं होतं, असं मी अजिबात म्हणणार नाही,” बाई म्हणाल्या आणि मग तेच तीन वेळा म्हणाल्या. “घेताय चार फुटी, की हा नाद सोडताय?”

“घरी विचारून सांगतो,” लिफ्टसाहेब म्हणाले. घरी विचारायला कोणी नाही, हे त्यांच्या लक्षात रस्त्यावर आल्यावर आलं.

त्यांनी बायकोला फोन केला. वार बुधवार, आणि फोन त्यांनी आपणहून केलेला, त्यामुळे तिच्या काळजात चर्र झालं.

“काय झालं? छातीत दुखतंय का?”

“नाही गं. तुझं मशीन आहे ना कोपऱ्यातलं. ते हलवू का, विचारत होतो.”

“कशाला?”

“माशांची मोठी टाकी ठेवायची म्हणतोय. तुळई तिथेच आहे.”

“आणि मशीन?”

“आतल्या खोलीत ठेवतो. तू आलीस की परत...”

“भरलेली टाकी हलते का हो?”

“नाही. रिकामी करावी लागते. शिवाय चार माणसं लागतात.”

“मग परत कसं ठेवाल?”

दोघं गप्प राहिले. या कामात दोघांचाही हात चांगला बसलेला होता. पण आज बायकोनंच तोडलं.

“अहो, मी इथे दुसरं घेतलंय.”

“काय?”

“मशीन. विजेवरचं. गेल्या वर्षीच. बोलले नव्हते तुम्हाला.”

“का?”

“तुम्ही म्हणाला असतात, इथलं असताना तिथे कशाला. मग मला सांगावं लागलं असतं.”

“मग सांग ना.”

“आता सांगितलंच की.” मागे कुणीतरी “आई, इस्त्री कुठेय?” असं ओरडलं आणि तिनं फोनवर हात ठेवून उत्तर दिलं. “बघितलंत? सकाळपासून हे असं. जीव नकोसा होतो. पण तिकडे दिवसच्या दिवस मला कोणी हाक मारायचं नाही. तुम्ही काही वाईट नाही. कधीच नव्हतात. वाईट असतात तर लवकर निघाले असते.”

लिफ्टसाहेब कोपऱ्याकडे पाहत होते. खूप काही विचारता आलं असतं. परत कधीच येणार नाहीस का, मी तिकडे येऊ का, मी रोज हाक मारली तर चालेल का. यातलं प्रत्येक वाक्य ओठांपर्यंत आलं आणि आल्या पावली खाली गेलं.

“चार फुटी घेऊ की तीन?” त्यांनी विचारलं.

मग बायको म्हणाली, “चारच घ्या. पुन्हा पुन्हा कुठे घेणार आहात?”

मशीन आतल्या खोलीत गेलं. कोपऱ्यात त्याच्या पायांएवढे चार डाग निघाले, ते घासूनही गेले नाहीत, तेव्हा त्यांच्यावरच स्टँड उभा केला. टाकी आली, भरली, पंप गुरगुरायला लागला. पण दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं की महिनाभर एकही मासा सोडायचा नाही. आधी पाणी पिकवायचं. त्यात घाण पचवणारे जंतू व्हावे लागतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्यासाठी रोज सकाळी माशांच्या खाण्यातली चिमूट पाण्यात टाकायची, मासे आहेत असं समजून.

एका सकाळी खालच्या डॉक्टरीणबाई आपल्या छताची चौकशी करायला वर आल्या. लिफ्टसाहेब टाकीशी उभे राहून अलगद चिमूट सोडत होते.

“मासे कुठेत?” बाईंनी वाकून पाहिलं.

“यायचेत.”

“मग खाणं कुणाला घालताय?”

“पाण्याला.”

बाईंनी त्यांच्याकडे जरा डॉक्टरी नजरेनं पाहिलं. “रोज?”

“रोज सकाळी.”

“एकटेच?”

“चिमूटभरच असतं,” लिफ्टसाहेब म्हणाले. “दोघांचं काम नाही ते.”

छत नीट राहील असं त्यांनी तुळईसकट समजावून सांगितलं, आणि बाई गेल्या. मग खुर्ची ओढून ते टाकीसमोर बसले आणि दाणे हळूहळू तळाला जाताना बघत राहिले.