सैल न केलेल्या तारा

"पेटी बंद करण्याआधी रोज तारा सैल कर. आणि काही झालं तरी हिला लोखंड बांधू नकोस."

मला घडवणाऱ्या कारागिराचे हे शब्द. मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो, आणि जन्मल्यावर माझ्या कानी पडलेले हे पहिले बोल. आज मी त्याच कारागिराच्या कारखान्यात, त्याच बाकावर उताणी पडले आहे. अंगावर एकही तार नाही. पोटाला वीतभर चीर गेली आहे आणि तिच्यावर लावलेला सरस वाळतो आहे. तो वाळेपर्यंत मला वेळ आहे, म्हणून म्हटले, तुमच्याशी दोन शब्द बोलावेत.

गिटारींच्या अनेक जाती असतात. मी फ्लामेंकोची गिटार. फ्लामेंको म्हणजे एकट्याने वाजवायचे संगीत नव्हे. कोणी गाते, कोणी लाकडी फळीवर टाचा आपटून नाचते, कोणी टाळ्या देते, आणि गिटारवाला या सगळ्यांना एका मापात बांधून ठेवतो. म्हणून माझ्या पोटावर तारांच्या खाली एक पातळ पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे. वादक तारा छेडता छेडता बोटांनी माझ्यावर ठोकाही देतो. तो मार त्या पट्टीने खायचा.

कारागिराने मला सायप्रस नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडातून घडवले. लाकूड रंधा मारून मारून इतके पातळ केले की उजेडासमोर धरले तर बोटांची सावली दिसावी. दर थोड्या वेळाने तो मला कानाशी धरून टिचकी मारायचा, ऐकायचा आणि पुन्हा रंधा उचलायचा. सहा तारा बांधल्या त्या नायलॉनच्या. तीन साध्या, तीन वरून चांदीची बारीक तार गुंडाळलेल्या.

मला न्यायला दोघे आले होते. एक अठरा वर्षांचा लाजरा मुलगा आणि त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

कारागीर म्हणाला, "हिचं अंग फुलासारखं आहे, म्हणून आवाज विजेसारखा आहे. ताकद मागाल तर मिळायची नाही."

"म्हणजे आमच्या बंधुराजांसारखीच!" ताई हसून म्हणाली. "दोन बादल्या उचलल्या की धाप लागते. बोटं मात्र बघा कशी चालतात."

त्यांचे घर म्हणजे दोन खोल्या. आई लवकर गेली, वडिलांचा पत्ता नव्हता. ताई दिवसभर गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसे आणि संध्याकाळी नाचे. बाहेरच्या खोलीत तिने जुन्या दाराची एक फळी जमिनीवर अंथरली होती. त्या फळीवर उभी राहून तिने भावाला वाढवले. लेकरांना कोणी बोट धरून चालवते. तिने त्याला टाळी देऊन चालवले. बारा मात्रांची एक जुनी संथ चाल होती. तिसऱ्यावर जोर, सहाव्यावर जोर, मग आठ, दहा आणि बारा. तो चुकला की ताई थांबायची नाही. उलट टाच आणखी जोरात आपटायची आणि म्हणायची, "गाडी गेली बघ तुझी. आता पळ मागून."

त्या घराचा एक नेम होता. वाजवायला बसण्याआधी तो माझ्या पोटावर तीन हलके ठोके द्यायचा. म्हणजे, "आहेस ना?" ताई जिथे असेल तिथून, स्वयंपाकघरातून असो की खिडकीपाशी कपडे वाळत घालताना असो, टाचेने दोन ठोके द्यायची. म्हणजे, "आहे." मगच पहिली तार वाजायची. आणि दिवेलागणीला वाजवणे संपले की ताई मऊ सुती कापडाने माझे अंग पुसायची, सहाही खुंट्या उलट्या फिरवून तारा सैल करायची आणि पेटी बंद करायची. ताप आला तरी, पाहुणे आले तरी. देवापुढचा नेम माणूस जसा गाजावाजा न करता पाळतो, तसा. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही.

त्या बावीस वर्षांत मी खूप वाजले. लहान सभागृहांत, शाळांच्या पटांगणांत, एकदा तर वीज गेलेल्या दालनात तीनशे माणसांसमोर. लोक म्हणत, हे बहीणभाऊ एका श्वासात वाजतात. मला मनातल्या मनात हसू येई. श्वास एक नव्हे, तीन होते.

मग शहरात पाच देशांच्या वादकांचा एक ताफा आला. आमचा वादक त्यांना ऐकायला गेला आणि परत आला तो जेवेना.

"पोट बिघडलंय का मन?" ताईने विचारले.

"ताई, जग केवढं मोठं आहे गं! तिथं एक म्हातारे काका आहेत, दोन सुरांच्या मधे एक तिसराच सूर काढतात. एक बाई नुसतं मडकं वाजवते, पण काय वाजवते! मला म्हणाले, आमच्यात ये."

"मग जा की. मी काय तुला खुंटीला बांधून ठेवलंय?"

"आणि तू?"

"माझे गुडघे आता कुरकुरतात. मी टाळ्या देईन, चार पोरींना शिकवीन. पण एक ऐक माझं." ताई फळीवर खाली बसली. "कधीतरी माझे पाय थांबतील. तेव्हा रडत बसू नकोस. माझ्याजवळ बसून आपली बारा मात्रांची चाल वाजव. दुसऱ्या कुठल्या वाद्यावर नको, हिच्यावरच."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"वचन दे."

"दिलं."

"तोंडाचं नको. टाळी दे."

त्याने तिच्या हातावर टाळी दिली. मी दोघांच्या मध्ये उघड्या पेटीत पडले होते.

मित्रांनो, खोटे सांगणार नाही. जगभरचे संगीत वाईट नव्हते. पहिले वर्ष तर माझ्या आयुष्यातले सोने होते. त्या म्हाताऱ्या काकांनी माझी तार किंचित ओढून पडद्यांच्या मधला सूर काढायला शिकवले. तो सूर माझ्याच पोटात होता आणि मला ठाऊक नव्हता. मडकेवालीच्या मडक्यावर बोट पडले की माझे लाकूड आपोआप हुंकार देई. आमचा वादक दर आठवड्याला ताईला फोन करी आणि फोन माझ्यासमोर धरून वाजवी. तारा सैल करण्याचे काम आता तो स्वतः करी.

पुढे ताफ्याचे नाव झाले. सभागृहे जाऊन मोठी मैदाने आली. पितळी तुताऱ्या आल्या, विजेवरचे ढोल आले, घराएवढे स्पीकर आले. माझ्यापुढे माईक ठेवला आणि आवाज वाढवला की तो शीळ घालून किंचाळायचा. कमी केला की मी कोणाला ऐकूच जायची नाही.

एक दिवस ताफ्याचा मॅनेजर म्हणाला, "भाऊ, मागच्या रांगेला तुमची नुसती बोटं हलताना दिसतात. मूकपट चाललाय तुमचा."

"मग काय करू?"

"स्टीलच्या तारा लावा. चुंबकाचा माईक बसवून देतो. तो नायलॉनला ओळखतच नाही, स्टील पाहिजे. मग बघा, तुताऱ्यांच्या वर ऐकू याल."

"दुसरी गिटार घेऊन दिलीत तर?"

"पोस्टरवर हिचाच फोटो आहे. आणि दौरा संपला की काढून टाका ना तारा. कोण विचारतंय?"

दोन दिवस त्याने टाळले. तिसऱ्या दिवशी माझ्या नायलॉनच्या तारा कापताना तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "एवढ्या दौऱ्यापुरतंच हं." मित्रांनो, 'एवढ्यापुरतंच' हा शब्द फार गोड असतो. नेम मोडतात ते याच शब्दाने.

लोखंडाची ओढ नायलॉनच्या जवळजवळ दुप्पट असते. तारा ज्या लाकडी पट्टीला बांधतात तिला घोडी म्हणतात. ती घोडी माझ्या पोटाला नुसत्या सरसाने धरलेली असते. पहिल्याच दिवशी ती कण्हू लागली. दर दोन गाण्यांनंतर मी सुरातून उतरायची आणि तो पुन्हा खुंट्या पिळायचा. सकाळी उठून प्रवास, दुपारी आवाजाची चाचणी. तेव्हा पुन्हा सूर जुळवायला वेळ नको, म्हणून त्याने पेटीत ठेवताना तारा सैल करणेही सोडले. दिवसरात्र मी ताणलेली.

आठवड्याभरात माझे पोट फुगले. मडकेवालीच्या ते लक्षात आले.

"अहो, तिचं पोट बघा. बाळंत होईल एखाद्या दिवशी."

सगळे हसले. तोही हसला. पण ती हसली नाही. "थट्टा नाही करत मी. माझ्या मडक्याला मी धक्का लागू देत नाही. तुमच्या ताई असत्या तर त्यांनी हे चालवून घेतलं असतं का?"

त्याने पेटीचे झाकण लावले. त्या आठवड्यात ताईला फोन केला नाही. काय सांगणार होता?

माझ्या पेटीला आत एक कप्पा आहे. तालमीच्या वेळी तो फोनचा आवाज बंद करून त्या कप्प्यात टाकायचा आणि मग पुष्कळदा तिथेच विसरायचा. एका सोमवारी मी पेटीत असताना तो फोन थरथरू लागला. लाकडाला थरथर लगेच कळते. थांबला, पुन्हा थरथरला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. त्याने एकदा बघितले, शेजारच्या वहिनींचे नाव दिसले, आणि म्हणाला, "दौरा संपला की करतो." त्याला वाटले, फोन का आला नाही म्हणून ताईने चौकशी करायला लावले असेल. एकूण अकरा वेळा तो फोन थरथरला. मी मोजले. सांगता मात्र आले नाही.

गुरुवारी भर दुपारी, रिकाम्या मैदानात आवाजाची चाचणी चालू होती. त्याने वरची तार अर्धा फेरा आवळली. माझ्या पोटातून फांदी मोडावी तसा आवाज झाला. घोडी उखडली. नुसती उखडली नाही, माझ्या पोटाचा एक ढलपा बरोबर घेऊन गेली. सहा लोखंडी तारा चाबकासारख्या उडाल्या आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन नखांच्या चिंध्या झाल्या. त्या मोठ्या स्पीकरमधून माझी किंकाळी सगळ्या मैदानाने ऐकली. तेवढी एकदाच मी तुताऱ्यांच्या वर ऐकू गेले.

रक्ताळलेला हात रुमालात धरून तो मला पेटीत ठेवत होता, तेवढ्यात बारावा फोन थरथरला. या वेळी त्याने उचलला.

"अहो, चार दिवस लावतेय मी फोन!" वहिनी रडत होत्या. "ताई पडल्या सोमवारी. फळीवरच पडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तुमची वाट बघतायत हो. डोळे सारखे दाराकडे."

तो परत आला. इस्पितळात जाऊन ताईच्या खाटेशी बसला. मला खोलीच्या दाराशी पेटीतच ठेवले होते, म्हणून तिथले मला फारसे दिसले नाही. एवढे ऐकले की डॉक्टर म्हणाले, दिवस थोडे आहेत. आणि नर्स म्हणाली, त्यांना काही कळत नाही असं वाटतं, पण डावा पाय मात्र मधूनच चादरीखाली ठोके दिल्यासारखा हलतो. तो उठून बाहेर आला. भिंतीला कपाळ टेकवून बराच वेळ उभा राहिला. मग मला घेऊन इथे आला.

कारागीर आता नाही. कारखाना त्याची लेक चालवते. तिने आरसा आत घालून माझे पोट पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"लोखंड बांधलंत?"

"हो."

"बाबांनी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन्ही मोडल्या मी."

ती त्याला रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले.

"उद्यापर्यंत वाजेल का?" त्याने विचारले.

"उद्या? तारा सोसायला हिला तीन-चार महिने लागतील. तेही सोसल्या तर. मी खोटा धीर देत नाही." मग म्हणाली, "माझ्याकडची दुसरी नेता का? चांगली आहे."

"हिच्यावरच म्हणाली होती ती."

मग त्याने तारा नसलेल्या मला मांडीवर घेतले, रोज घेई तसे. नखे तुटलेला हात त्या पट्टीवर ठेवला. तीन ठोके दिले. आहेस ना? उत्तर देणारे तिथे कोणी नव्हते. तरी त्याने पुढे सुरुवात केली. एक, दोन, तीन. तीनवर जोर. सहावर. आठ, दहा, बारा. सूर नाही, नुसते लाकूड. चिरेमुळे मी खडखडत होते, पण माप सरळ होते. कारागिराच्या लेकीने हातातला रंधा खाली ठेवला.

"आणा इकडे," ती म्हणाली. "आतून ठिगळ लावते. सूर नाही मिळायचा, पण खडखडणार नाही. चार वाजता या."

"इथंच बसतो," तो म्हणाला, आणि तेव्हापासून उंबऱ्यावर बसून आहे.

मित्रांनो, मी कोणाला शाप देत नाही. मला दूरचे सूर शिकवले म्हणून मी त्याची ऋणीच आहे. माझी विनंती एवढीच, की ज्याचे अंग ज्यासाठी घडले आहे, त्याच्याकडे तेवढेच मागा. दिवसाकाठी एकदा तरी त्याच्या तारा सैल करा, मग ते वाद्य असो की माणूस. आणि कोणी पुन्हा पुन्हा हाक मारत असेल, तर पहिल्या हाकेलाच ओ द्या. बाराव्या हाकेपर्यंत थांबू नका. ठिगळ लाकडाला लागते, मधे गेलेल्या दिवसांना लागत नाही. मी पुन्हा गाईन की नाही, ठाऊक नाही. ताई ऐकेल की नाही, तेही ठाऊक नाही.

चार वाजले. सरस वाळला. कारागिराच्या लेकीने मला पुसले, तेही मऊ सुती कापडानेच. त्याने मला पेटीत ठेवले. झाकण लावण्याआधी त्याचा हात सवयीने खुंट्यांकडे गेला. सैल करायला काहीच उरलेले नव्हते. तरी त्याने सहाही खुंट्या एकेक करून उलट्या फिरवल्या, सावकाश, एकही न गाळता. मग पेटी बंद केली, फोन काढून खिशात ठेवला, आणि इस्पितळाच्या रस्त्याला लागला.