मास्तरांच्या तोंडातल्या सात टाचण्या

मी शिंप्याच्या दुकानातला पुतळा बोलतोय. तोंडच नाही तर बोलतोय कुठून, असं विचारू नका. मला डोकंही नाही. मानेवर लाकडी झाकण आणि कमरेखाली एकच लोखंडी पाय, एवढाच माझा देह. तरी मी शहरातल्या कला आणि विनोद महोत्सवाला जाऊन आलोय, तेही अर्ध्या तिकिटात.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात भुसा, वर जाड कापड, छाती अडतीस. माझी भावंडं काचांच्या मोठमोठ्या दुकानांत गेली. मी आलो मास्तरांकडे. मास्तर कोट शिवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक कोट चढवला, मागून टाचण्या मारल्या आणि "हं" म्हणाले. तो हुंकार पसंतीचा होता की नापसंतीचा, हे मला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

त्याचं कारण, मास्तरांच्या तोंडात कायम टाचण्या. हसायला गेलं तर टाचणी पोटात जायची, म्हणून ते हसण्याच्या भानगडीत पडत नसत. गिऱ्हाइकानं कितीही गमतीचं सांगितलं तरी उत्तर एकच, "हं". दुकान बंद करून घरी जातानाही टाचण्या तोंडातच. ताटावर बसल्यावर मास्तरीणबाई हात पुढे करायच्या, तेव्हा कुठे त्या बाहेर यायच्या.

त्यांची एकुलती एक लेक दुकानातच वाढली. शाळेतून आली की वडिलांना काहीबाही सांगायला जाई, "हं" घेऊन परत येई आणि उरलेलं सगळं मला सांगे. शाळेतल्या बाईंच्या नकला, मैत्रिणींची भांडणं, सगळं. मी पोट धरून हसायचो. मला हात नाहीत, हा भाग वेगळा.

पुढे ती शहरात नोकरीला गेली. एक दिवस तिचा फोन आला. महोत्सवात लोकांना हसवायचा तिचा पहिलाच कार्यक्रम ठरला होता, शनिवारी दुपारी चार वाजता. आईबाबांनी यायचंच आणि येताना मलाही आणायचं, कारण मी समोर नसलो तर म्हणे तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मास्तरांनी फोनवर "हं" केलं. मग टाचण्या काढून बायकोला म्हणाले की एकदा बघून येऊ, नाही जमलं तर तिला सरळ घरी घेऊन येऊ. दुकानातलं दुसरं मशीन रिकामंच आहे. हे ऐकून माझ्या पोटातला भुसा गोठला.

बसमध्ये कंडक्टरनं मला पाहिलं, डोकं असायला हवं त्या जागीही नीट पाहिलं आणि बराच विचार करून अर्धं तिकीट फाडलं. हरवायला नको म्हणून मास्तरीणबाईंनी ते माझ्या छातीवर टाचून ठेवलं.

शहरात सगळा आनंदीआनंद होता. चौकात एक माणूस शिडीवर बसून त्या शिडीलाच गोष्ट सांगत होता आणि पन्नास जण ती मन लावून ऐकत होते. मला काखेत मारून निघालेल्या मास्तरांनाही लोकांनी टाळ्या दिल्या. मास्तरांना वाटलं, कोट आवडला.

नावाजलेल्या कलाकारांना नाट्यगृहं मिळाली होती, नवख्यांना मिळेल ती खोली. आमच्या लेकीच्या वाट्याला दातांच्या दवाखान्याची बाहेरची खोली आली. बारा खुर्च्या, भिंतीवर उभी चिरलेली दाढ दाखवणारं चित्र आणि आतून मशीनची घरघर. प्रेक्षकांतले तिघे तर पेशंटच होते. एकाचा अर्धा जबडा बधिर केलेला, म्हणजे तो हसला तरी अर्धाच हसणार.

नियम असा होता की दहा प्रेक्षक बसलेले नसतील तर कार्यक्रम रद्द आणि खोली पुढच्या कलाकाराला. तो दारात ताटकळत उभाच होता, खांद्यावर शिडी घेऊन. गळ्यात कार्ड अडकवलेल्या एक बाई माणसं मोजायला आल्या. नऊ भरली. पुन्हा मोजली, तरी नऊच. लेकीचा चेहरा उतरला. मास्तर पिशवी उचलायला वाकले, तेवढ्यात मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा दहावा."

"याला डोकं नाही," कार्डवाल्या बाई म्हणाल्या.

"पंधरा वर्षं हिचं ऐकतोय हा. अजून तरी डोकं लागलेलं नाही."

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात डोक्याबद्दल चकार शब्द नव्हता. प्रेक्षकाकडे तिकीट हवं आणि तो बसलेला हवा, एवढंच होतं. बाईंनी माझ्या छातीवरचं बसचं तिकीट वाचलं, अर्धं आहे हे पाहून समाधानानं मान डोलावली आणि त्याला भोक पाडलं. राहता राहिला बसण्याचा प्रश्न. मी जन्मात कधी बसलो नव्हतो. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली, माझा पाय पिरगाळून काढला आणि मला खुर्चीत टेकवलं. कोट पाठीत सैल पडला, तो टाचण्यांनी नीट केला. उरलेल्या टाचण्या सवयीनं तोंडात गेल्या.

लेकीनं सुरुवात केली. पहिल्या दोन विनोदांना आतल्या मशीननं तेवढी दाद दिली. अर्ध्या जबड्याचा पेशंट घड्याळ बघू लागला. मास्तर समोरच्या भिंतीवरच्या दाढेकडे बघत होते. मग लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं सोडून दुकानात बोलायची तशी बोलायला लागली.

"आमचे बाबा चेहऱ्यावरून कुणालाच ओळखत नाहीत. माणूस पाठमोरा झाला की म्हणतात, अरे, हा तर बेचाळीस, डावा खांदा पाऊण इंच खाली. माझा जन्म झाला तेव्हा नर्सनं वजन सांगितलं. बाबांनी टेप काढला, माप घेतलं आणि तिला म्हणाले, वाढतं अंग आहे, शिवणीत मार्जिन ठेवायला हवं होतं."

अर्धा जबडा हसला. मग कार्डवाल्या बाई हसल्या. दारातला शिडीवालाही हसला.

"लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांच्या तोंडात टाचण्या असतात. बाबा, माझा पहिला नंबर आला. हं. बाबा, मी शहरात जाते. हं. बाबा, मला लोकांना हसवायचंय."

इथे ती थांबली. कारण मास्तरांचे खांदे हलायला लागले होते. मास्तरीणबाईंनी घाबरून हात पुढे केला. मास्तरांनी तो बाजूला सारला आणि तोंडातली एक टाचणी काढून माझ्या डाव्या खांद्यात खोचली. मग दुसरी. मग तिसरी. सातवी खोचून झाली आणि मास्तर हसले. बरेच दिवस बंद असलेल्या मशीनसारखं ते हसणं आधी अडखळलं आणि मग थांबेचना. डोळे पुसत ते लेकीला म्हणाले,

"पुढचं सांग. आता तोंड रिकामं आहे."

लेक शहरातच राहिली. दुकानातलं दुसरं मशीन अजून रिकामं आहे. माझा पाय दवाखान्यातच विसरला आणि तिथे आता पेशंट त्याच्यावर छत्र्या अडकवतात असं कळलं. मी दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून असतो. संध्याकाळी फोन वाजला की मास्तर आधी माझ्याकडे येतात, टाचण्या माझ्या डाव्या खांद्यात खोचतात आणि मगच फोन उचलतात.

टोचतं, नाही कशाला म्हणू. पण तुम्हालाही घरच्या कुणाशी बोलायचं असेल आणि तोंडात काही धरून ठेवलेलं असेल, तर दुकानात या. माझा उजवा खांदा अजून रिकामा आहे.