धोंडुबाईची घागर

त्रेचाळीस साली ‘अधिक धान्य पिकवा’ची हाक आली, तेव्हा कराडात शेतीचा काडीचाही अनुभव नसलेला बी.ए. मास्तर मी एकटाच होतो. साहजिकच घरच्या घरी डब्यात मिरची कशी लावावी, यावरची पुस्तिका मला लिहायला सांगण्यात आली. रोज दोन तांबे पाणी घालावे, असं मी ठासून लिहिलं. माझ्या परसात रॉकेलच्या सहा डब्यांत सहा रोपं होती. रोज दोन तांबे पिऊन ती सहाही पिवळी पडली होती.

आमच्याकडे धुणीभांडी करणारी धोंडुबाई जतकडची. तिनं आधीच सांगितलं होतं, “आवं मास्तर, बुडवू नका तिला. मिरची जरा तहानली, की लय धरती.”

“पुस्तकात तसं नाही,” मी म्हणालो. पुस्तक माझंच होतं.

तिच्या दारात तोंड फुटलेल्या घागरीत एकच झाड होतं, मिरच्यांनी वाकलेलं. त्यातल्या चार ती आम्हाला द्यायची, पण उंबऱ्यावर ठेवून. मिरची हातात दिली की भांडण होतं म्हणे. मला हसू यायचं.

मग साताऱ्याहून साहेब माझी बाग बघायला येणार, असा निरोप आला. मी धोंडुबाईच्या दारात गेलो.

“एक दिवस तुझी घागर दे.”

“न्या की. पर जपा. आईच्या घरचं बी हाय. तिकडं पावसावाचून समदं वाळलं. ह्या लाल झाल्या, की बी धरून आईला धाडायचं हाय.”

साहेबांनी घागर पाहिली. “तुमच्या पद्धतीनं वाढवलंत?”

धोंडुबाई मोरीपाशी भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

“होय,” मी म्हणालो.

“मग साताऱ्याच्या प्रदर्शनाला नेतो.”

“न्या,” मी म्हणालो. मोरीतला आवाज परत सुरू झाला.

प्रदर्शनात पहिला नंबर आला. टेबलावरची चादर भिजते, म्हणून घागरीच्या बुडाचं भोक मेणानं बुजवलं होतं. शेजारी माझी पुस्तिका उघडून ठेवली होती आणि तिथला शिपाई आज्ञाधारक होता. रोज दोन तांबे.

दहा दिवसांनी घागर परत आली. झाड बुडातून कुजलं होतं. प्रशस्तिपत्रक कोरडं होतं.

गळलेल्या मिरच्या हिरव्याच होत्या, हाताला मऊ लागत होत्या. असलं कच्चं बी उगवत नाही, हे पुस्तिकेत नव्हतं. एव्हाना मला कळलं होतं. त्या मिरच्या मुठीत घेऊन मी तिच्याकडे गेलो.

“धोंडुबाई, मी साहेबांशी खोटं बोललो.”

“व्हय. मी हुते की तितंच.”

मी मूठ तिच्यापुढं धरली. तिनं मिरच्या हातात घ्याव्यात आणि मग मला तोंडभर शिव्या द्याव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

तिनं हात पुढं केला नाही.

“खाली ठेवा, मास्तर,” ती म्हणाली. “चला. तुमचं धुणं पडलंय.”